श्रावणातली बॅच

हुबळी,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

आदरणीय सर,

सप्रेम जयभीम.

इतकी वर्षं तुम्हाला 'सादर नमस्कार' लिहीत आले, आज आमच्या घरचा लिहिते. माझ्या पहिल्या वर्षी आईनं तुम्हाला जयभीम केला, तेव्हा तुम्हीही हात जोडून 'जयभीम, कृष्णाबाई' म्हणाला होता आणि ती ते वर्षभर गल्लीत सांगत फिरत होती. तेव्हा तुम्हाला चालेल.

तुमची तब्येत बरी असेल. काकूंच्या गुडघ्याला आईनं दिलेल्या तेलाचा उपयोग झाला का ते कळवा, संपलं असेल तर आणखी करून देईल म्हणते. इकडे थंडी पडली. आईला खोकला आहे, पण विहारातल्या बायकांना घेऊन सहलीला निघायचा बेत काही रद्द होत नाही. कोप्पीकर रोडवरच्या दुकानात जाऊन माझ्या प्रबंधाच्या बाइंडिंगचं कापडसुद्धा पसंत करून आली आहे. गडद निळं. मी म्हटलं, अगं, अजून सरांची सही नाही. तर म्हणाली, सरांची सही म्हणजे काय, घरचंच काम.

फोन तुम्ही उचलत नाही. मेलला उत्तर नाही. विभागात मी आले की तुम्हाला मीटिंग असते. मग पत्रच राहिलं. महत्त्वाचं असेल ते हातानं लिहावं, हातानं लिहिताना माणसाला खोटं लिहायचा कंटाळा येतो, असं तुम्हीच सांगायचा. बघू खरं का ते.

सर, श्रावणातली बॅच मी प्रबंधातून काढणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे चष्मा काढून पत्र बाजूला ठेवायचं असेल तर आताच ठेवाल. पण ठेवू नका. पुढे आणखी आहे, आणि तिथं पोचायला मला जरा वेळ लागणार आहे.

तुम्हाला पाठ असलेलंच पुन्हा लिहिते, कारण परीक्षकांपुढे मी ते कसं सांगणार आहे ते तुम्हाला कळायला हवं. साधं सांग, तुझ्या आईला कळेल असं सांग, हे तुमचंच. तर जन्मून आठवडा झालेली उंदराची पिल्लं घ्यायची. भूल द्यायची, डोक्याची कातडी जराशी उघडायची आणि बर्फापेक्षा कितीतरी गार केलेली तांब्याची सळई कवटीच्या एका बाजूला क्षणभर टेकवायची. तिच्याखाली मेंदूचा वरचा थर तेवढाच मरतो. टाका घालून पिल्लू आईकडे परत. तीन आठवड्यांनी ते मारून मेंदूचे पातळ काप काढायचे आणि बघायचं. तुम्ही तीस वर्षं हेच बघत आलात. जखम आकसलेली, आजूबाजूचं सगळं जागेवर, आणि पिल्लू अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत भावंडांसारखंच पळणारं. त्यावरून तुमचं ते वाक्य, जे तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला झोपेतसुद्धा म्हणता येतं: लहान मेंदू आपलं आपण भरून काढतो.

आता श्रावण. आपल्या विभागात श्रावणात उंदीर मारत नाहीत. कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, तुमच्या सरांपासून चालत आलंय म्हणे. श्रावण लागायच्या आत सगळं उरकायचं आणि मग पावसात बसून मोजमाप करायचं. यंदा उन्हाळा इतका कडक झाला की माद्या वेळेवर गाभण राहिल्याच नाहीत. पिल्लं उशिरा झाली आणि तीन आठवडे भरायच्या आत श्रावण दारात. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढा महिना जाऊ दे. महिना गेला तर गणपती आले. गणपती गेले तर पक्षपंधरवडा, त्यात तर तुम्हाला अजिबातच नको. मग नवरात्र. पिंजरे सांभाळणारा आपला आनंदा त्यांना 'श्रावणातले पाहुणे' म्हणायचा. खाऊन खाऊन टोणगे झाले नुसते. आमच्याकडे त्याच दिवसांत वर्षावास, आई रोज संध्याकाळी विहारात. तिला हे सांगितलं तर म्हणाली, दोन-तीन महिने जास्त जगतील बिचारे, तुझ्या सरांना पुण्य लागेल.

दसरा झाल्यावर मी काप काढले. जखमेची पोकळी आकसलेली असायला हवी होती, ती रुंदावलेली निघाली. ते एक वेळ सोडा. पण खाली खोल, थॅलॅमसमध्ये, जिथं आपण काही टेकवलं नव्हतं, जिथवर तो गारवा पोचलाही नव्हता, तिथल्या पेशी गेल्या होत्या. त्यांच्या जागी कॅल्शियमचे कण बसलेले, रांगोळीच्या खड्यांसारखे. जखमेच्या बाजूलाच हं, दुसऱ्या बाजूला काही नाही. आणि ज्यांची नुसती कातडी उघडून शिवली होती ते उंदीरही तेवढेच दिवस जगले होते, त्याच खोलीत, आनंदाच्याच हातचं खाऊन. त्यांचे मेंदू स्वच्छ.

म्हणजे तीन आठवड्यांनी भरून आलेलं दिसतं ते खरंच. फक्त ते तिथं थांबत नाही. आपण बघायचं थांबवतो, आणि आत काम चालूच राहतं. दर वर्षी श्रावणाच्या आत आटपायच्या घाईत आपल्या विभागात कुणी पुढचं बघितलंच नव्हतं, आणि यंदा त्याच श्रावणानं ते दाखवलं.

तुम्ही त्या स्लाइडींवर किती वेळ वाकून बसला होता, आठवतं? मी शेजारी उभी. तुमचं तीस वर्षांचं वाक्य मी अर्धं करून ठेवलं होतं. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "भले! आपल्याला खोटं ठरवणारी विद्यार्थिनी मिळायला नशीब लागतं गं." आनंदाला चहा आणायला पिटाळलंत, त्यालाही आपल्याबरोबर बसवलंत. हा प्रबंधाचा कणा आहे म्हणालात, लिहायला लाग. त्या दिवशी चिगरी बसमध्ये बसून हुबळीला येताना मी खिडकीकडे तोंड करून रडले. आनंद झाला म्हणून हो. सांगायचं राहून गेलं होतं, आज सांगते.

आणि पंधरा दिवसांनी तुम्ही मला बोलावून सांगितलंत की ती बॅच वगळ.

कारणं तीन दिलीत. एक, ठरलेली मुदत मोडली. मोडली की! प्राणी-प्रयोगांच्या समितीकडून वाढीव मुदतीची परवानगी घेतली, त्यावर तुमचीच सही आहे. दोन, ओळखीसाठी उंदरांच्या अंगावर लावलेले पिवळे ठिपके उडून गेले असतील, आनंदानं पिंजरे बदलताना अदलाबदल केली असेल. सर, ठिपके उडतात म्हणूनच कानाला खाच करायला तुम्ही शिकवलंत आणि त्या खाचा मी स्वतः तपासल्या. आनंदाचं नाव तुम्ही मधे आणलंत त्याचा मला राग आला, अजून आहे. ज्याला बरोबर बसवून चहा पाजला, त्याच्याच डोक्यावर खापर? तीन, उशीर का झाला ते काय लिहिणार, श्रावण होता म्हणून? बाहेरचे लोक हसतील. हसू देत. मी लिहिणार आहे: विभागाच्या परंपरेनुसार श्रावण महिन्यात प्राणी मारले जात नाहीत. सरळ एक वाक्य. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मला तर ती प्रथा आवडते.

मग तुम्ही शेवटचं बोललात. बॅच काढ, जानेवारीत सही करतो, नाहीतर दुसरा गाइड बघ. मी काहीतरी बोलणार तोच "साकु, पद्मा, साकु," म्हणालात, म्हणजे पुरे. तुम्ही कानडीत शिरलात की विषय संपला, हे मला माहीत आहे. माझा मात्र संपलेला नाही.

दुसरा गाइड बघीन. दोन वर्षं आणखी जातील, जाऊ देत. तारिहाळच्या कारखान्यात माझे बाबा, जोतिबा, जन्मभर भट्टीपुढे उभे राहिले, मी मायक्रोस्कोपपुढे दोन वर्षं जास्त बसले तर काय झिजणार आहे? निळं कापड दुकानात काही कुजत नाही.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं, सर? त्या पंधरा दिवसांत मायक्रोस्कोप तोच होता, स्लाइडी त्याच होत्या. मधे एकच गोष्ट झाली. तुमच्याकडे तुळशीचं लग्न झालं.

बुधवार

काल इथवर लिहून उठले. आई म्हणाली, एवढं काय लिहितेस, लग्न ठरलं की काय कुठं? म्हटलं, हो, तुळशीचं.

आता लिहितेच. तुळशीच्या लग्नाला तुम्ही मला दर वर्षी बोलावता. यंदा तुमची लेक वेदश्री, आपली वेदा, विद्यानगरहून तिच्या साकेतला घेऊन आली होती. सहा वर्षांचा झाला की हो, समोरचे दोन दात पडलेत. त्यानं हट्टानं अंतरपाटाचं एक टोक धरलं होतं, दुसरं वेदानं. तुम्ही मंगलाष्टकं म्हणत होता. साकेत मोठ्यानं 'सावधान' ओरडत होता, प्रत्येक वेळी जरा आधीच, आणि सगळे हसत होते. मग एकदा तो ओरडला नाही. त्याच्या हातातून अंतरपाट सुटला. डोळे उघडे, तुळशीच्या मागे भिंतीकडे लागलेले, ओठ जरासे हलत होते. वेदानं हाक मारली तर वळला नाही. आणि लगेच, काही झालंच नाही असा, खाली वाकून त्यानं कापड उचललं. काकू हसून म्हणाल्या, नवरदेवाच्या आधी ह्यालाच झोप आली.

सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. मंगलाष्टक अर्धं सोडून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडेच बघत होते. अशी क्षणभराची फिटही असते, हे आपण दोघंही जाणतो.

"सर," मी म्हणाले. तुम्ही माझ्या हातावर चुरमुरे आणि उसाचं कांडं ठेवलंत आणि म्हणालात, "प्रसाद घे, पद्मा." आणि मग सोमवारी मला बोलावलंत.

म्हणून म्हणते, मुदत, ठिपके, श्रावण ही सगळी निमित्तं. खरं कारण साकेत.

जन्मताना त्याचा श्वास अडकला होता, डोक्यात एका बाजूला रक्तस्राव झाला होता, हे मला वेदानंच सांगितलंय. काचेच्या पेटीत बाळ आणि बाहेर बाकावर ती. तेव्हा तुम्ही तिच्याशेजारी बसून तुमचा जुना पेपर तिला मराठीत वाचून दाखवलात. अख्खा. लहान मेंदू आपलं आपण भरून काढतो. ती म्हणते, त्या एका वाक्यावर मी उभी राहिले, पद्मा. आणि साकेत खरंच सावरला. चालला, बोलला, पाढे म्हणतो. डॉक्टरांनी दर वर्षी दाखवायला या म्हटलं होतं. दोन वर्षं नेलं. मग तुम्हीच म्हणालात, भरून आलंय, पोराला उगीच दवाखान्याची भीती कशाला घालता?

त्या बाकावर तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला जेवढं दिसलं होतं तेवढं तुम्ही सांगितलंत. मी तुमच्या जागी असते तर मीही तेच वाचून दाखवलं असतं. पण आता तुम्हाला पुढचं दिसलं आहे. एकदा माझ्या स्लाइडीत आणि एकदा तुमच्या अंगणात. दोन्ही वेळा मी शेजारी होते.

उंदरावरून माणसाचं निदान करू नये, हे तुम्ही पहिल्या दिवशी शिकवलंत आणि मी विसरलेली नाही. साकेतच्या डोक्यात काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. कदाचित काहीच नसेल, कदाचित पोर खरंच कंटाळलं असेल. असेल तरी त्यावर औषधं असतील, चांगले डॉक्टर आपल्या गावात आहेत. माझी बॅच एवढंच सांगते की लहानपणी दुखावलेल्या मेंदूवरची नजर काढू नका. आणि तुम्ही काय करताय, तर ज्यानं नजर काढू नका म्हटलं तेच कपाटात घालताय. तुम्हाला भीती वाटते हे मला कळतं. मलाही वाटते. पण तुम्हाला भीती वाटते म्हणून माझे उंदीर खोटे पडायचे, हे मी चालवून घेणार नाही.

वेदा तुमची मुलगी आहे. तिला हे बापाच्या तोंडून कळावं. रविवारपर्यंत तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर रविवारी मी विद्यानगरला जाईन आणि सांगेन. मग तुम्ही मला घरात घेऊ नका, तुळशीच्या लग्नाला बोलावू नका. सही तर नाहीच. तरीही सांगेन.

एवढं लिहून थांबते. पत्र पाकिटात घालून ठेवते, उद्या पोस्टात टाकेन.

गुरुवार

पाकीट फोडून पुन्हा लिहिते आहे, कारण काल संध्याकाळी वेदा आली. आमच्या घरी, साकेतला न घेता, एकटी. आईनं तिला चहा दिला, तो तिनं तसाच गार होऊ दिला. मला वाटलं तुम्ही सांगितलंत, आणि मनातल्या मनात तुम्हाला शंभर नमस्कार घातले. तसं काही नव्हतं.

तिला सगळं आधीच माहीत आहे, सर. स्लाइडींचं नव्हे, साकेतचं. उन्हाळ्यापासून ती बघते आहे. जेवताना घास हातात तसाच राहतो, चित्र काढताना पेन्सिल थांबते. शाळेतल्या बाईंनीही दोनदा सांगितलं. तिनं डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या सोमवारी सकाळी, डोक्याचा आलेख काढणार आहेत. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "अप्पांना कळलं तर ते मोडतील. त्यांचं सगळं आयुष्य त्या वाक्यावर उभं आहे. तू त्यांना सांगू नकोस, पद्मा, तुला शपथ आहे."

मी आधी हसले. मग मला इतका राग आला, आवाज इतका चढला, की आई दारातून आत आली. तुम्ही तिच्यासाठी माझी बॅच दडपताय आणि ती तुमच्यासाठी पोराचा आजार दडपतेय! एकमेकांना जपायच्या नादात त्या पोराकडे उघड डोळ्यांनी बघायला तुमच्या घरात कुणी उरलंय का? उन्हाळ्यापासून ती एकटी बघते आहे. गेले पंधरा-वीस दिवस तुम्ही एकटे. एका घरातली माणसं तुम्ही, आणि दोघं दोन कोपऱ्यांत तोंड दाबून बसलात.

मी तिला स्लाइडींचं सांगितलं. रविवारची वाट नाही बघितली, त्याबद्दल रागवायचं असेल तर रागवा. ती रडली नाही. काप कसे असतात विचारलं, मग विचारलं, ते उंदीर दिसायला कसे होते? धडधाकट, म्हटलं, खात होते, पळत होते. तिनं गार झालेला चहा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, हे प्रबंधात घाल. माझ्यासारखी कुणीतरी उद्या कुठल्यातरी बाकावर बसलेली असेल, तिला कुणीतरी हेही वाचून दाखवू दे.

तेव्हा बॅच राहणार. आता तर तुमच्या घरूनच परवानगी मिळाली.

तिनं घातलेली शपथ मात्र मी मोडते आहे. तुम्ही म्हणता लिहू नकोस, ती म्हणते सांगू नकोस. मी दोघांचंही ऐकणार नाही. लिहिलंही आणि सांगितलंही. आई म्हणते, दुसऱ्याच्या घरात एवढं नाक खुपसू नये. मी म्हटलं, सरांची सही म्हणजे घरचंच काम ना? मग हेही घरचंच.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, वेळेत पोचायचं नाही. उद्या आनंदाच्या हाती देते, तो तुमच्या हातातच देईल. त्याच्याशी नीट बोला.

तुम्ही मोडाल असं वेदाला वाटतं. मला नाही वाटत. स्वतःचं वाक्य अर्धं झालेलं बघून ज्या माणसानं चहा मागवला, तो मी बघितलाय. मला तोच माणूस सोमवारी हवा आहे. विद्यानगरला वेदाच्या दाराशी, साकेत शाळेच्या ऐवजी कुठं चाललोय म्हणून विचारायच्या आत. त्याचा हात धरायला एक माणूस कमी आहे. वेदाला मी काही सांगितलेलं नाही, तुम्ही उभे दिसलात की तिला कळेल.

माझ्या कागदावरची सही नंतर बघू. आधी तिथं हजर राहा.

तुम्ही ठेवा की काढा, तुमचीच विद्यार्थिनी,
पद्मा